दाढेचं बिल आणि मेडिक्लेम: वाद कुठे होतो, कसा सोडवायचा

दातांच्या दवाखान्यात बिल अपेक्षेपेक्षा मोठं आलं आणि वर विमा कंपनीने क्लेम नाकारला, की माणूस दोन्हीकडून फसवलं गेल्यासारखा चिडतो. कधी खरंच फसवणूक झालेली असते. पण अशा वादांचं मूळ बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं. इथे दोन वेगळे करार असतात आणि आपण ते एकच समजून चालतो. एक करार आपला आणि दंतवैद्याचा: हा उपचार, हे पैसे. दुसरा आपला आणि विमा कंपनीचा: अशा परिस्थितीत एवढा खर्च आम्ही देऊ. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने "मेडिक्लेममध्ये होऊन जाईल" असं सांगितलं, तरी कंपनी त्या वाक्याला बांधील नसते. आणि कंपनीने हात वर केले म्हणून दवाखान्याचे पैसे द्यायचे टळत नाहीत. म्हणून हे दोन्ही करार वेगवेगळे समजून घेऊ.

बिल वाढतं कसं

एका दाढेचं उदाहरण घेऊ. दंतवैद्य प्रत्येक दाताला दोन आकडी नंबर देतात. पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा आकडा मधल्या दातापासून मोजलेली जागा. म्हणजे ३६ ही खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. लहानपणी सगळ्यात आधी येणाऱ्या कायमच्या दातांपैकी ही एक, म्हणून ती किडण्याचं प्रमाणही जास्त.

समजा या ३६ची कीड नसेपर्यंत गेली आणि डॉक्टरांनी रूट कॅनाल सांगितलं. "किती होतील?" या प्रश्नाला एक आकडा मिळतो आणि आपण तो पूर्ण खर्च समजतो. पण तो आकडा बहुधा मुळांच्या नळ्या साफ करून भरण्यापुरताच असतो. त्याच्या आधी एक्स-रे असतो. नंतर दाढेचा वरचा भाग फारच पोकळ झाला असेल तर आत आधार बांधावा लागतो, त्याला 'पोस्ट अँड कोअर' म्हणतात. मग येते कॅप. तिच्यासाठी दात घासून माप घेतलं जातं आणि कॅप बाहेरच्या लॅबमध्ये बनते. साध्या धातूची, धातूवर सिरॅमिकची की झिर्कोनियाची, यावर तिची किंमत ठरते. नस काढलेली दाढ ठिसूळ झालेली असते, त्यामुळे कॅप घालण्याचा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या योग्यच असतो. चूक होते ती तिची किंमत आधी न सांगण्यात.

दुसरं कारण दाताच्या रचनेतच आहे. वरच्या मोठ्या दाढांना साधारण तीन मुळं असतात, पण नळ्या पुष्कळदा चार निघतात, आणि चौथी एवढी बारीक असते की साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. जुनं रूट कॅनाल उकरून पुन्हा करायचं असेल तर कामाचा अंदाज आणखी चुकतो. अशा वेळी खर्च वाढला तर तो प्रामाणिकपणेही वाढलेला असू शकतो. इम्प्लांटच्या जाहिरातीत मात्र वेगळा प्रकार दिसतो. 'इतक्या रुपयांपासून' असं लिहिलेला आकडा अनेकदा हाडात बसवायच्या स्क्रूचाच असतो. त्यावरचा जोडभाग, कॅप आणि गरज पडल्यास हाडाची भर यांचे पैसे वेगळे.

मेडिक्लेममध्ये दात का बसत नाही

आपल्याकडचा मेडिक्लेम मुळात रुग्णालयात भरती होण्याच्या खर्चासाठी आखलेला आहे. नियामक असलेल्या 'इर्डाय'ने ठरवून दिलेल्या व्याख्या वाचल्या की क्लेम कुठे अडतो ते कळतं. भरती म्हणजे सलग किमान २४ तास. नोंदणीकृत नसलेल्या ठिकाणाला रुग्णालय म्हणायचं, तर दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० आणि इतरत्र किमान १५ खाटा, चोवीस तास परिचारिका, शस्त्रक्रियागृह अशा अटी आहेत. दातांच्या दवाखान्यात खुर्ची असते, खाट नसते. तिथेच पहिली अडचण येते.

"पण हल्ली मोतीबिंदूसारखं डे-केअर चालतं ना?" असं लोक विचारतात. चालतं. पण डे-केअरची अट अशी की, पूर्वी ज्या उपचारासाठी २४ तासांहून जास्त भरती व्हावं लागलं असतं, तो आता तंत्रज्ञानामुळे कमी वेळात होतो. जो उपचार मुळातच ये-जा करून घेतला जातो, तो त्यात येत नाही. रूट कॅनालला भूल दिली जाते हे खरं, पण त्यासाठी कधी कुणाला भरती करावं लागत नव्हतं. म्हणून तो ओपीडी उपचार ठरतो, आणि पॉलिसीत ओपीडीचा लाभ वेगळा घेतलेला नसेल तर क्लेम नाकारला जातो.

मग कधी मिळतो?

इथे सरसकट 'नाही' म्हणणंही चूक. सर्व कंपन्यांना एकाच साच्यात द्यावी लागणारी 'आरोग्य संजीवनी' पॉलिसी २०२० मध्ये आली. तिच्यात आजारामुळे किंवा इजेमुळे आवश्यक ठरलेले दंतोपचार स्पष्टपणे समाविष्ट आहेत. मात्र भरतीची मूळ अट तिथेही सुटत नाही. अपघातात जबडा मोडला, रुग्णालयात दाखल करून शस्त्रक्रिया झाली, तर तो खर्च बहुतेक पॉलिसींत बसतो.

खरी गोची नंतर होते. जबडा सांधला, पण पडलेले दोन दात कधी बसवायचे? हाड भरून यायला काही महिने जातात, मगच इम्प्लांट. आणि 'आरोग्य संजीवनी'सारख्या पॉलिसीत रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च ६० दिवसांपर्यंतच मिळतो. म्हणजे वैद्यकीय गरज मान्य असूनही तारीख उलटून गेलेली असते. अपघाताच्या रुग्णाने डिस्चार्ज घेतानाच आपल्या पॉलिसीत ही मुदत किती आहे ते पाहावं, कोणते दात अपघातात गेले याची नंबरांसह नोंद डिस्चार्ज कार्डावर करून घ्यावी, आणि पुढच्या उपचाराबद्दल कंपनीला तेव्हाच लेखी विचारावं.

तंबाखू आणि गुटख्याने महाराष्ट्रात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण कमी नाहीत, म्हणून आणखी एक प्रसंग सांगायला हवा. जबड्याला रेडिएशन देण्यापूर्वी खराब दात काढून टाकतात. नंतर काढले तर रेडिएशन झालेलं हाड भरून न येण्याचा धोका असतो. हे दात काढणं कर्करोगाच्या उपचाराचाच भाग आहे. बिलावर नुसतं 'एक्स्ट्रॅक्शन' लिहिलं तर ते दंतोपचार म्हणून बाजूला काढलं जाऊ शकतं. कर्करोगतज्ज्ञांनी 'रेडिएशनपूर्वी आवश्यक' असं चिठ्ठीवर लिहून दिलं तर भरतीपूर्व खर्च म्हणून त्याची बाजू मांडता येते. इथे एका ओळीवर क्लेम तरू शकतो.

नोकरीच्या ठिकाणची ग्रुप पॉलिसी

मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत दातांसाठी ओपीडी लाभ अनेकदा असतो. पण त्याला स्वतंत्र मर्यादा असते. पाच लाखांच्या पॉलिसीत दातांसाठी काही हजारच ठेवलेले असू शकतात. दात पांढरे करणं, तारा लावणं हे सौंदर्योपचार म्हणून बहुधा वगळलेलं असतं. कॅप आणि इम्प्लांटबाबत प्रत्येक पॉलिसीचा नियम वेगळा. एचआरकडून मिळालेलं रंगीत पत्रक पुरेसं नाही. पॉलिसीचा मूळ मजकूर, निदान ग्राहक माहितीपत्रक तरी मागून घ्या.

क्लेम अडण्याचं इथलं एक नेहमीचं कारण अगदी साधं आहे: उपचाराआधीचा एक्स-रे जपून ठेवलेला नसतो. रूट कॅनाल झाल्यानंतर गरज होती की नाही हे तपासणाऱ्याला कसं कळणार? आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही एक्स-रे, निदान लिहिलेली चिठ्ठी, दाताचा नंबर, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेलं आकडेवार बिल आणि पैसे दिल्याची पावती असा संच पूर्ण हवा. बिलावर ३६ आणि एक्स-रेत ४६ असेल तर शंका घेतली जाणारच.

खुर्चीत बसण्यापूर्वी

वाद टाळायची खरी वेळ हीच. दुखत असेल तर त्या दिवशी कळ थांबवण्यापुरता उपचार घ्या आणि पुढच्या कामाचं अंदाजपत्रक लेखी मागा. त्यात दातागणिक ओळी असाव्यात: कोणता दात, कोणतं काम, कॅप कशाची, एक्स-रे आणि लॅबचे पैसे धरलेत का, किती बैठका, काम वाढलं तर जास्तीत जास्त किती. व्हॉट्सॲपवर आलेला मेसेजही चालेल, पण तोंडी आकड्यावर थांबू नका. चांगला दंतवैद्य यावर रागावत नाही. उलट त्यालाही उद्याचा वाद नकोच असतो.

एका भेटीत पाच-सहा दातांची कामं निघाली आणि दुखत एकही नसेल, तर दुसरं मत घ्या. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, पालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे तपासणी आणि उपचार खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात होतात. वेळ जास्त लागतो, एवढंच.

हप्त्यांची सोय देऊ केली तर थांबा. दवाखान्यात भरलेला तो फॉर्म पुष्कळदा एखाद्या वित्त कंपनीच्या कर्जाचा असतो. पूर्ण रक्कम दवाखान्याला मिळून जाते. उपचार अर्धवट राहिला तरी हप्ते तुमच्या खात्यातून जातच राहतात. सही करण्यापूर्वी कर्जाचं माहितीपत्रक वाचा आणि उपचार थांबला तर पैसे कोण परत करणार हे लिहून घ्या.

वाद झालाच तर

आधी वाद कोणाशी आहे ते ठरवा. बिलाचा असेल तर दवाखान्याशी, क्लेमचा असेल तर कंपनीशी.

दवाखान्याशी असेल तर प्रथम आकडेवार बिल आणि उपचाराच्या नोंदी लेखी मागा. बिल किंवा पावती न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आरोग्यसेवेवर जीएसटी लागत नाही. बिलात तो दिसला तर कोणत्या कामावर लावला ते विचारा. बोलून सुटलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पण उपचारच चुकला असं म्हणणं असेल तर दुसऱ्या दंतवैद्याचं लेखी मत लागेल. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दलची तक्रार महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे जाते.

विमा कंपनीशी असेल तर नकाराचं पत्र नीट वाचा. २०२४च्या नियमांनुसार कंपनीच्या आढावा समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि नकार देताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा उल्लेख करावा लागतो. 'दंतोपचार वगळलेले' एवढंच लिहिलं असेल तर कलम क्रमांक मागा. मग ते कलम स्वतः वाचा. अनेक पॉलिसींत त्याच वाक्यात पुढे 'अपघाताने आवश्यक ठरल्यास सोडून' असा अपवाद असतो, आणि तुमचं प्रकरण त्या अपवादात बसत असेल.

यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. सोबत 'इर्डाय'च्या विमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद करा. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. लोकपालाची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत, आणि गोवा पुण्याकडे येतो. ५० लाखांपर्यंतच्या वादाला इथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ग्रुप पॉलिसीतल्या कर्मचाऱ्यालाही ही वाट मोकळी आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

अर्ज छोटा ठेवा: तारखा, दाताचा नंबर, नाकारलेली रक्कम, कंपनीने दाखवलेलं कलम, आणि ते तुम्हाला का लागू होत नाही याची दोन-तीन वाक्यं. त्रासाचं लांबलचक वर्णन करण्यापेक्षा डॉक्टरांची एक नेमकी चिठ्ठी जास्त वजनदार ठरते.

बिलाच्या धास्तीने कित्येक लोक, विशेषतः घरातली वयस्कर माणसं, दाढ दुखत असूनही दवाखान्याची पायरी चढत नाहीत. लवंग धरतात, दुसऱ्या बाजूने चावतात, आणि भरून भागलं असतं ती दाढ शेवटी काढावी लागते. हे टाळायचं तर खर्चाबद्दल विचारण्यातला संकोच जायला हवा. आईवडिलांसोबत दंतवैद्याकडे जाल तेव्हा औषधाची चिठ्ठी घेता तसं अंदाजपत्रकही घ्या, आणि पॉलिसी घरी असेल तर दंतोपचाराचं कलम आजच काढून वाचा. दाढ दुखत नसतानाच ते शांतपणे वाचता येतं.