पहिली शकुंतला कोण?

नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीशेजारी एक छोटा फळा टांगलेला असतो. एरवी त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण त्यावर खडूने दोन ओळी उमटल्या की नेहमीच्या प्रेक्षकाच्या छातीत धस्स होतं. ‘काही अपरिहार्य कारणामुळे आजच्या प्रयोगात अमुक यांच्या ऐवजी तमुक भूमिका करतील.’ झालं! तिसरी घंटा होईपर्यंत आवारात दुसरंच नाटक रंगतं. कोणी तिकीट परत करायला निघतो, कोणी म्हणतो, ‘अहो, बघू तरी.’ आणि नाटक संगीत असेल तर विचारूच नका. तिथे नुसता चेहरा बदलत नाही, गळा बदलतो.

असा वाद मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो आमच्याच वाड्याच्या चौकात. त्यात माझाही एक वाटा होता, आणि तो फारसा अभिमानाचा नव्हता.

मी तेव्हा नववीत होतो. जुन्या नाशकातला आमचा वाडा बऱ्यापैकी मोठा होता आणि त्याच्या चौकात एका हौशी मंडळाच्या तालमी चालत. मंडळाने राज्य नाट्य स्पर्धेसाठी कोरं करकरीत संगीत नाटक बसवायला घेतलं होतं. दिग्दर्शक पेशाने शाळामास्तर. पदांना चाली लावल्या होत्या पेटी वाजवणाऱ्या काकांनी, आणि नायिका होती माझी ताई. ती काळी पाचमध्ये गायची. तिची तान वर गेली की शेजारच्या वाड्यातली माणसं गॅलरीत येऊन उभी राहत.

प्रयोगाला पंधरा दिवस उरले असताना मास्तरांनी वाड्यातल्या आणि गल्लीतल्या माणसांना बोलावून त्यांच्यासमोर पूर्ण तालीम घेतली. नाटक संपल्यावर म्हणाले, ‘मंडळी, स्तुती नंतर करा. खटकलं काय ते आधी सांगा.’ मोठ्यांनी मोठ्यांसारखंच केलं, म्हणजे ‘छान, छान’ म्हटलं. मग मास्तर आम्हा पोरांकडे वळले. ‘काय रे, तुम्हाला कुठे कंटाळा आला?’

मी चटकन बोलून गेलो, ‘ताई बोलते ते मागे ऐकूच येत नाही. गाणं आलं की येतं.’

सगळे हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताईची भूमिका पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलीकडे गेली.

ओट्यावरचं न्यायालय

पुढचे बारा दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. पिठाच्या गिरणीत, दुधाच्या रांगेत, रात्री जेवणानंतर ओट्यावर, सगळीकडे एकच खल. एक पक्ष म्हणे, संगीत नाटक म्हणजे आधी संगीत. चाली पोरीच्या गळ्यावर बेतलेल्या, आता दुसरी कशी पेलणार? दुसरा पक्ष म्हणे, नुसतं गाणंच ऐकायचं तर मैफलीला जा. नाटकात माणूस दिसला पाहिजे. तिसरा पक्ष माझ्या आईचा. ‘तीन महिने पोरीने घसा कोरडा केला, त्याचं काय?’ एवढाच तिचा प्रश्न होता आणि त्याला कोणाकडे उत्तर नव्हतं. बाबांनी तर मास्तरांना तोंडावर सांगितलं, ‘मास्तर, तुम्ही चौकात जरूर या, चहा घ्या. नाटकाला मात्र मी येणार नाही.’

वादातला खरा गुंता पेटीवाल्या काकांना ठाऊक होता. नवी मुलगी पांढरी पाचमध्ये गायची, म्हणजे ताईपेक्षा तीन स्वर खाली. सगळ्या पदांची बोटं पेटीवर नव्याने बसवायची. तबला त्या पट्टीला उतरेना, म्हणून मोठ्या तोंडाचा दुसरा आणावा लागला. नायकाची दोन द्वंद्वगीतं होती, ती आता त्याला फार खर्जात जाऊ लागली. गद्य नाटकात नट बदलला तर संवाद पाठ केले की भागतं. संगीत नाटकात एक गळा बदलला की अख्खा संच पुन्हा जुळवावा लागतो.

जुनी गोष्ट

पुढे नाटकांचा इतिहास वाचायची गोडी लागली, तेव्हा लक्षात आलं की आमच्या चौकात घडलं ते मराठी संगीत रंगभूमीच्या अगदी पाळण्यात घडून गेलं होतं.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. तोही सात अंकांचा नव्हे, पहिल्या चार अंकांचा. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं, तेही आधी तीनच अंकांचं. थोडं करून दाखवायचं, लोकांना काय रुचतं ते पाहायचं आणि मग पुढे जायचं, ही रीत तेव्हापासूनची.

त्या पहिल्या प्रयोगात शकुंतला कोण होती? दहातले नऊ जाणकार भाऊराव कोल्हटकरांचं नाव घेतील. पण भाऊराव बडोद्याहून कंपनीत आले १८८२ मध्ये. पहिली शकुंतला रंगवली होती शंकरराव मुजुमदार यांनी. भाऊरावांचा गळा आला आणि शंकररावांची शकुंतला मागे पडली. भाऊरावांनी मात्र महाराष्ट्र वेडा केला.

पुढे हेच भाऊराव नायिकेचं लुगडं उतरवून पुरुषभूमिकांकडे वळले. देवलांच्या ‘शारदा’त, १८९९ मध्ये, ते कोदंड झाले. १९०१ मध्ये ते गेले, तेव्हा किर्लोस्कर मंडळींचं आता कसं होणार, ही चिंता साऱ्या रसिकांना पडली. १९०५ मध्ये कंपनीत नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा आला. तोच बालगंधर्व. भाऊरावांची जागा घ्यायला आलेला हा ‘बदली’ नट. पुढे चार पिढ्यांनी त्यालाच मूळ मानलं आणि नंतरच्या प्रत्येक गायक नटाला त्याच्याच मापाने मोजलं. १९१३ मध्ये गंधर्वांनी कंपनी सोडली, तेव्हा तिथे कोवळ्या वयाचे दीनानाथ मंगेशकर नायिका म्हणून उभे राहिले. पुन्हा तोच वाद, पुन्हा तीच मापं.

नाशिकचं आणि या कंपनीचं नातं इतिहासाने निराळ्याच कारणासाठी नोंदवून ठेवलं आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी इथल्या विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळींच्या ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. थोडक्यात, ज्या शारदेवर पुण्या-मुंबईच्या ओट्यांवर वाद रंगत, ती शारदा आमच्या गावालाही परकी नव्हती.

आपल्या गावची नाटकं

नाशिककरांना तर या वादाचं वाणच नाही. वसंत कानेटकर इथलेच. त्यांचं ‘मत्स्यगंधा’ १९६४ मध्ये आलं. अभिषेकीबुवांच्या चाली आणि रामदास कामतांचा पराशर ज्यांच्या कानात बसला, त्यांना नंतरचा कोणताही पराशर ऐकताना मान हलवायला अंमळ वेळच लागला. तात्यासाहेब शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ संगीत नाटक नव्हे, पण १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी उभे केलेले अप्पासाहेब बेलवलकर पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा एकेका ताकदीच्या नटाने केले. प्रत्येकाचे भक्त वेगळे आणि प्रत्येक भक्ताच्या मते बाकीचे ‘बरे’.

‘कट्यार काळजात घुसली’चं तेच. १९६७ मध्ये वसंतराव देशपांडे खाँसाहेब झाले आणि त्यांच्यामागे ही भूमिका कोणी करू नये, असं कित्येकांनी मनोमन ठरवून टाकलं. १९८३ मध्ये वसंतराव गेले. २०१० मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे त्याच भूमिकेत उभे राहिले, तेव्हा आजोबांना ऐकलेले लोक तराजू घेऊनच बसले होते. त्या पोराच्या छातीवर केवढं ओझं असेल, याचा विचार तराजू धरणाऱ्याला सहसा सुचत नाही.

हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. अमेरिकेत नवं संगीत नाटक न्यूयॉर्कला नेण्याआधी लहान शहरांत करून पाहतात. ‘माय फेअर लेडी’ १९५६ मध्ये आधी न्यू हेवन गावात झालं, तिथे प्रेक्षकांचा कल पाहून काटछाट झाली. नायिका ज्युली अँड्र्यूज त्यातून नावारूपाला आली. १९६४ मध्ये सिनेमा निघाला तेव्हा मात्र तिला वगळून ऑड्री हेपबर्नला घेतलं, आणि तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या तिसरीच्याच आवाजात होती. ज्युलीला त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं, तेव्हा तिच्या चाहत्यांना न्याय मिळाल्यासारखं वाटलं. पण मार्नी निक्सनचं नाव त्या वादात कितीजणांनी घेतलं असेल?

मला वाटतं, आपल्या वादांची खोट इथेच आहे. नवा नट जुन्याच्या तोडीचा आहे की नाही, यावर आपण रात्र जागवतो. जो बाजूला झाला, त्याचं पुढे काय झालं, हे विचारायचं राहून जातं. पहिली शकुंतला करणाऱ्या शंकरराव मुजुमदारांनी कंपनी सोडली नाही. ते तिच्या चालकांपैकी एक झाले. त्यांनी अण्णासाहेबांचं चरित्र लिहिलं, ‘रंगभूमी’ मासिक चालवलं. बालगंधर्व कंपनीत शकुंतला झाले, तेव्हा ती भूमिका सर्वांत आधी केलेला माणूस त्याच कंपनीचा कारभार पाहत होता.

प्रयोगाची रात्र

आमच्या प्रयोगाच्या हस्तपत्रिका आधीच छापून झाल्या होत्या. त्यामुळे ताईच्या नावावर नव्या नावाच्या कागदी पट्ट्या चिकटवाव्या लागल्या. त्या मीच चिकटवल्या, खळ घेऊन, दोनशेच्या दोनशे. ताई शेजारी बसून पट्ट्या कापून देत होती.

प्रयोगाला बाबा आले नाहीत. ताई गेली. नांदीत ती गायली आणि नंतर विंगेत तंबोरा घेऊन बसली. दुसऱ्या अंकात नव्या मुलीचा स्वर डळमळला, तेव्हा ताईने विंगेतून हलकेच षड्ज दिला. प्रेक्षकांना कळलंही नाही. आणि खरं सांगायचं तर ती मुलगी उत्तम बोलली. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचला. गाणं ताईचं सरस होतं, नाटक हिचं. ओट्यावरच्या दोन्ही पक्षांना आपापलं बरोबर ठरल्याचं समाधान मिळालं. आईचा प्रश्न तेवढा तसाच राहिला.

माझं ते वाक्य मी बरीच वर्षं ताईसमोर काढलं नाही. एकदा दिवाळीत ती माहेरी आली असताना सगळं बोललो. ती म्हणाली, ‘अरे, तू खोटं कुठे बोललास? ऐकू येत नव्हतंच. पण पंधरा दिवस होते हातात. मास्तरांनी मला दोन दिवस मागच्या भिंतीपाशी उभं राहून ओरडायला लावलं असतं, तर मी शिकले असते. तुझ्यावर नाही रे राग. मला कोणी विचारलंच नाही, याचा होता.’

लोकांसमोर तालीम घ्यायची ती चुका कळाव्यात म्हणून. चूक कळली की आधी ती सुधारायला वेळ द्यायचा, माणूस नंतर बदलायचा. प्रेक्षकाने स्पष्ट बोलावं, पण आपल्या बोलण्याने कोणाच्या तरी तोंडचा घास जाऊ शकतो, एवढं भान ठेवून. नववीतल्या पोराला ते नव्हतं. मोठ्यांनाही फारसं असतं, असं मला अजून दिसलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी मी आणि ताई ‘संगीत देवबाभळी’ पाहायला गेलो. लेखक-दिग्दर्शक प्राजक्त देशमुख आपल्या नाशिकचे. आधी एकांकिका म्हणून उभं राहिलेलं हे नाटक २०१७ च्या अखेरीस व्यावसायिक रंगभूमीवर आलं. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी, दोनच गाणाऱ्या नट्या, एक आवली आणि एक लखुबाई. मध्यंतरात मागच्या रांगेत चर्चा सुरू झाली, ‘यातली एक जरी बदलली तरी नाटक राहील का?’ एक गृहस्थ ‘राहील’ म्हणत होते, त्यांची पत्नी ‘मुळीच नाही’ म्हणत होती. ताई मागे वळून ऐकत होती आणि गालात हसत होती.

नाट्यगृहात शिरताना आजही तिचे पाय आधी त्या फळ्यापाशी थांबतात. बदल लिहिलेला असला की लोक फक्त नवं नाव वाचतात आणि नाक मुरडतात. ताई दोन्ही नावं वाचते.