सुरा, जखम आणि पंचनामा

११ नोव्हेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने निठारी प्रकरणातील शेवटची दोषसिद्धी रद्द केली. नोएडाच्या सेक्टर ३१ मधील एका बंगल्यामागच्या नाल्यात डिसेंबर २००६ मध्ये मानवी सांगाडे सापडले, त्यात अनेक बालकांचे होते. बंगल्यातील नोकराला फाशी सुनावली गेली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, २०१५ मध्ये तिची जन्मठेप झाली, आणि सुमारे १९ वर्षांच्या कारावासानंतर तो निर्दोष ठरला. कबुलीजबाब सुमारे ६० दिवसांच्या पोलीस कोठडीनंतरचा होता, वकिलाचे साहाय्य नावापुरते होते. पुरावा म्हणून मांडलेल्या सुऱ्या व कुऱ्हाड यांवर रक्त, मांस वा केस असल्याचे सिद्धच झाले नव्हते. ज्यांची मुले गेली त्यांना आता उत्तर कोण देणार, हे न्यायालय सांगू शकत नाही. ती वाट तपासानेच बुजवली.

निठारीचा खटला स्वसंरक्षणाचा नव्हता. परंतु ‘सुरा मीच चालवला, पण जीव वाचवण्यासाठी,’ असे म्हणणारा आरोपी याच तपासयंत्रणेवर अधिकच विसंबून असतो. त्याने कृती मान्य केलेली असते. वाद केवळ त्या काही क्षणांचा उरतो, आणि त्यांचा दुसरा साक्षीदार बहुधा हयात नसतो.

कायदा त्याच्याविषयी उदार आहे. मॅकॉले यांच्या आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा मांडताना, येथील लोक आक्रमकापुढे फार सहज मान तुकवतात, त्यांना प्रतिकाराचे बळ द्यावे, अशी भूमिका घेतली. निदानात साम्राज्याचा अहंकार होता; औषध मात्र टिकाऊ निघाले. भारतीय दंड संहितेची ९६ ते १०६ ही कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ म्हणून नांदत आहेत. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हा हक्क पोचतो. आवश्यकतेहून अधिक इजा मात्र त्यात बसत नाही. दर्शन सिंग प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने पळून जाण्याची सक्ती नाकारली. स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ नुसार आरोपीवर असला, तरी संभाव्यतेचे पारडे त्याच्या बाजूने झुकले की पुरते. मुन्शी राम निकालानुसार तर त्याने हा बचाव स्पष्टपणे घेतला नसला तरी पुराव्यातून दिसत असेल तर न्यायालयाने तो विचारात घ्यावा.

मग अडते कुठे? जिल्ह्यात दंडाधिकारी असताना मी वाचलेल्या कागदपत्रांत मृताच्या जखमा इंचाइंचाने मोजलेल्या असत. आरोपीच्या हातावरील वार मात्र ‘किरकोळ खरचटणे’ या दोन शब्दांत आटोपलेले. सुरा हिसकावून घेताना तळहात कापला जातो, हे शल्यचिकित्सकाला सांगावे लागत नाही. लक्ष्मी सिंग निकालात (१९७६) सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, घटनेच्याच वेळी आरोपीला झालेल्या गंभीर जखमांचा खुलासा सरकारपक्षाने केला नाही, तर झटापटीचा उगम दडवल्याचा निष्कर्ष काढता येतो. पण जखम नोंदलीच नसेल, तर खुलासा मागायचा कशाचा?

नोएडाने याच संदर्भात दुसरा धडाही दिला आहे. जलवायू विहारातील २००८ च्या दुहेरी हत्येत गळ्यावरील वार आधी खुकरीचे मानले गेले, पुढे शस्त्रक्रियेच्या पात्याचे. शस्त्र बदलले तसा संशयितही बदलला. मुलीच्या आईवडिलांना २०१३ मध्ये जन्मठेप झाली, आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०५ जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक करते. माझ्या मते अधिक मोलाचे, आणि अधिक दुर्लक्षित, आहे ते कलम ५३: अटकेनंतर वैद्यकीय तपासणी, अंगावरील जखमांची नोंद, आणि तिची प्रत आरोपीला. ही प्रत पहिल्या रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्याने मागितली, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने वाचली, जखमेची छायाचित्रे जोडून घेतली, तर पुढचा खटला वेगळा चालेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. अटकेच्या रात्री वकील आणि डॉक्टर दोघेही हजर असावे लागतात. टाके घातले गेल्यावर तळहातावरची ती रेघ फार दिवस वाचता येत नाही.