कासवी, सहावी ब

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते त्या दिवशी वर्गाला एक ठरलेला वास असतो. बंद खिडक्या, खडूची धूळ, कुणाच्या तरी बाकात राहून गेलेला डबा. त्या सोमवारी त्यात आणखी एक वास होता. साचलेल्या डबक्याचा, त्यात सुक्या जवळ्याचा. तो खिडकीजवळच्या फिशटँकमधून येत होता.

टँकमध्ये टिल्लू होता. लाल कानांचा स्लायडर, म्हणजे डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेलं, बाजारात बिस्किटाएवढं असताना विकलं जाणारं विदेशी कासव. चार वर्षांपूर्वी एका पालकांनी घर बदलताना ते शाळेला दिलं. तेव्हापासून सहावी ‘ब’ म्हणजे ‘कासवाचा वर्ग’. तपासणीला येणारे साहेब त्याच्याजवळ थांबायचे, आम्ही त्याचे फोटो वार्षिक अंकात छापायचो. त्या सोमवारी मी जवळ जाऊन पाहिलं तर टिल्लूचे दोन्ही डोळे सुजून मिटलेले होते. पापण्यांच्या जागी दोन फुगलेले, फिकट मणी. पाण्यावर चुरमुरे तरंगत होते.

चुरमुरे रखवालदारांनी टाकलेले. सुट्टीत टिल्लूला खायला घालायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांना वाटलं म्हणून ते रोज वरच्या मजल्यावर चढून येत. ‘आधी पाव दिला बाई, खाईना. मग म्हटलं चुरमुरे बघू.’ अठरा दिवसांत त्या कासवाची आठवण झालेला हा एकच माणूस. आम्ही बाकीचे, बावन्न मुलं आणि मी, घरोघरी फराळ खात होतो.

टँकशेजारी एक वही लोंबत असते. ‘कासव मॉनिटर’ तिच्यात रोज लिहितो: अन्न दिले, पाणी बदलले, सही. महिनाअखेरीला वर्गशिक्षिकेची सही. ती वही मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली. ऑगस्टचा अख्खा महिना एकाच पेनानं, एकाच बैठकीत भरलेला होता. पाणी बदलल्याच्या खुणा रविवारीही होत्या. खाली माझी सही होती, तारखेसकट.

मुलांवर चिडण्यात अर्थ नव्हता. टँक रिकामा करायचा म्हणजे काय, हे मी त्यांना कधी दाखवलंच नव्हतं. मलाही येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी पुठ्ठ्याच्या खोक्यात ओला टॉवेल घालून मी टिल्लूला पक्षी-कासवांचं बघणाऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याला उचलून उलटं केलं, शेपटीकडे पाहिलं, पुढच्या पायांची नखं पाहिली आणि म्हणाले, ‘ही मादी आहे.’ नराची पुढची नखं लांबच लांब असतात, शेपूट जाड. चार वर्षं आम्ही ‘टिल्लू कसा आहे’ म्हणत होतो. मग त्यांनी अंगठ्यानं कवचाची कड हलकेच दाबली. कड किंचित आत गेली. ओली करवंटी दाबावी तशी नाही, जुन्या बुटाची टाच दाबावी तशी. मला म्हणाले, ‘तुम्ही दाबून बघा.’ मी बघितलं. तो स्पर्श अजून अंगठ्यात आहे.

डोळे सुजण्याचं कारण बहुधा अ जीवनसत्त्वाची कमतरता. आम्ही डब्यातला सुका जवळा तेवढा घालत होतो, तेही मूठभर, वास येतो म्हणून नाक धरून. त्यातून पोट भरतं, बाकी फार काही मिळत नाही. डोळे मिटले की कासवाला अन्न दिसत नाही, दिसलं नाही की ते खात नाही, खाल्लं नाही की डोळे उघडत नाहीत. शिवाय हे कासव पाण्यात असल्याशिवाय घास गिळू शकत नाही. त्याची जीभ आपल्यासारखी मोकळी फिरत नाही, पाण्याच्या ओढीनंच घास आत जातो. म्हणजे जेवणाचं ताट आणि संडास एकच. ते पाणी आम्ही वहीत रोज बदलत होतो.

कवचाची गोष्ट ऐकताना मला विज्ञान शिकवणारी म्हणून जास्त लाज वाटली. टँक मुद्दाम खिडकीशी ठेवला होता, ‘ऊन मिळावं’ म्हणून. पण उन्हातले जे अतिनील किरण कातडीत ड जीवनसत्त्व तयार करतात, ते साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. आत येते ती फक्त ऊब. ड नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि कवच म्हणजे शेवटी हाडच. हे मी दरवर्षी मुडदूस शिकवताना फळ्यावर लिहिते. माझ्या पाठीमागे, काचेच्या दोन थरांपलीकडे, एका प्राण्याला मुडदूस होत होता. मुलांनी धडा मनावर घेतला होता, हेही खरं. टँकच्या तळाशी मला पांढरा लगदा सापडला. कुणीतरी ‘कॅल्शियम’ म्हणून खडूचे तुकडे टाकत होतं. आपल्याकडचे खडू बहुतेक प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे, त्यांचा कासवाला उपयोग शून्य. पण बावन्नांतल्या त्या एकाला किंवा एकीला मी मनातल्या मनात दहापैकी दहा दिले.

डॉक्टरांनी इंजेक्शन मोजून दिलं (अ जीवनसत्त्व जास्त झालं तर कातडी सोलवटते, म्हणून घरगुती प्रयोग करू नका असं बजावलं), डोळ्यांत घालायचे थेंब लिहून दिले आणि टँकबद्दल विचारलं. मी मापं सांगितली. दोन फूट लांब, फूटभर रुंद, सहा इंच पाणी. म्हणजे २८ लिटर. ढोबळ हिशेब असा की कवचाच्या दर इंचाला चाळीसेक लिटर पाणी हवं. टिल्लूचं कवच साडेपाच इंचांचं. पाढे येणाऱ्या कुणालाही उत्तर काढता येईल.

पुढचे तीन आठवडे टिल्लू माझ्या घरी न्हाणीघरातल्या टबमध्ये होती. डिसेंबरात पुण्याची रात्र दहा-बारा अंशांवर येते. मिसिसिपीच्या खोऱ्यातलं हे कासव थंडी सोसतं, पण पाणी गार असलं की त्याची भूक आणि पचन दोन्ही मंदावतं, आणि आजारी जनावराला ते परवडत नाही. म्हणून पाण्यात हीटर, टबाच्या एका टोकाला अर्धी वीट, विटेवर साधा बल्ब आणि अतिनील किरणांची वेगळी ट्यूब. ही ट्यूब दिसायला वर्षानुवर्षं पेटत राहते, पण तिच्यातले कामाचे किरण सहा महिने ते वर्षभरात संपतात. पेटते म्हणजे चालते असं नाही. किसलेलं गाजर, वाफवलेला लाल भोपळा, कासवांसाठी मिळणाऱ्या गोळ्या, आणि काष्ठौषधींच्या दुकानातला समुद्रफेस. आजीच्या औषधांतला तो पांढरा, हलका तुकडा म्हणजे माकुळीच्या अंगातलं कवच, जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. दुकानदारानं विचारलं, ‘कान फुटलाय का कुणाचा?’

अकरा दिवस तिनं काही खाल्लं नाही. बाराव्या दिवशी मी चिमट्यात गाजर धरून तिच्या नाकासमोर पाण्यात हलवत होते, आणि डावी पापणी चिरेएवढी उघडली. आत पिवळट बुबुळ, त्यातून आडवी जाणारी काळी रेघ. तिनं माझ्याकडे नाही, गाजराकडे पाहिलं.

इकडे शाळेत मुख्य कोडं उरलंच होतं. पाणी इतकं घाण होतं कसं? आमच्या मावशी तर टँकचा फिल्टर दर शनिवारी उघडून त्यातला स्पंज नळाखाली पांढराशुभ्र करून ठेवायच्या. चूक नेमकी तिथं होती. कासवाच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. त्याचं आधी नायट्राइट, मग त्यामानानं निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू त्याच स्पंजात राहतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना दर शनिवारी मारत होतं. जे वाचत ते संध्याकाळी मरत, कारण शिपाईमामा सहा वाजता मजल्याचा मेन स्विच बंद करतात. तसा नियम आहे, आणि तो चांगला नियम आहे. फिल्टर थांबला की स्पंजातलं पाणी थांबतं, प्राणवायू संपतो. मावशी स्वच्छता करत होत्या, मामा वीज वाचवत होते, रखवालदार खाऊ घालत होते, मुलं सह्या करत होती. दुष्ट कुणीच नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की मुख्य काम दुसरं कुणीतरी करतंय.

आपल्या संतवाङ्मयात एक जुनी समजूत येते: कासवी पिल्लांना पाजत नाही, भरवत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते. कल्पना फार गोड आहे. प्रत्यक्षात कासवी मातीत खड्डा करून अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. मागे वळूनही बघत नाही. बावन्न मुलांचा वर्ग मात्र चार वर्षं तिला त्याच पद्धतीनं पाळत होता. सगळे बघत होते.

जानेवारीत नवा टँक आला. चार फुटी, जुना, एका मत्स्यप्रेमी पालकांकडून स्वस्तात. एका अटीवर मी मुख्याध्यापकांकडून त्याला जागा मिळवली: फिल्टर आणि हीटरची वायर मेन स्विचला वळसा घालून वेगळ्या बोर्डावर जाईल. इलेक्ट्रिशियन तासाभरात ते करून गेला. सगळ्या प्रकरणातलं सगळ्यांत उपयोगी काम तेच.

आता शुक्रवारी शेवटचे दोन तास पाण्याचे. चार मुलं, जास्त नाही. आदल्या दिवशी बादल्या भरून ठेवायच्या, म्हणजे क्लोरीन उडतं. नळी तोंडानं ओढायची नाही. नळी पाण्यानं भरून, दोन्ही टोकांना अंगठे लावून, एक टोक टँकमध्ये आणि एक खालच्या बादलीत सोडायचं. मुलांना हा प्रयोग सायफनच्या आकृतीपेक्षा जास्त कळला. पाणी पूर्ण काढायचं नाही, निम्म्याच्या आतच. स्पंज धुवायचा तो काढलेल्या त्याच घाण पाण्यात. मावशींना हे पटायला दोन शुक्रवार लागले. ‘घाणीत घाण धुवायची?’ मग परीक्षानळीत टँकचं पाणी, त्यात थेंब. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. पहिल्या दिवशी जुन्या टँकचं पाणी मी मुद्दाम बाटलीत राखून ठेवलं होतं. ते गर्द हिरवं झालं तेव्हा वर्गात एक शब्दही कुणी बोललं नाही.

शेवटी साबणानं हात, कोपरापर्यंत. कासवाच्या अंगावर सालमोनेला असू शकतो. लहान मुलं आजारी पडत म्हणून अमेरिकेनं चार इंचांहून लहान कासवांची विक्री १९७५ सालीच बंद केली. आपल्याकडे ती दुकानात प्लॅस्टिकच्या डबीत मिळतात.

‘एवढा त्रास कशाला, पाषाण तलावात सोडून द्या,’ असं शिक्षकखोलीत एकजण म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण हे कासव जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे. ते आपल्या कासवांच्या जागा आणि अन्न बळकावतं. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, मग देशी कासव आणू. तेही नाही. देशी कासव पाळणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आणि टिल्लूसारख्या पाळीव प्राण्याला अपुरं अन्न देणं, हालचाल करता येणार नाही इतक्या लहान जागेत ठेवणं हा १९६०च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. कासवाच्या खाण्याचा डबा त्याहून महाग आहे. कायदा ‘मालक’ असा शब्द वापरतो. वर्गातल्या कासवाचा मालक कोण, हे आमच्या शाळेत कुठल्याच कागदावर नव्हतं.

आता आहे. वहीच्या पहिल्या पानावर माझं नाव आहे, सुट्टीत ती कुणाच्या घरी जाईल त्या दोन पालकांची संमती आहे आणि डॉक्टरांच्या पावतीची नक्कल आहे. मॉनिटर सही करत नाही. अमोनियाच्या थेंबांचा रंग लिहितो आणि महिन्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावरचं वजन. घरी आणली तेव्हा ३४० ग्रॅम होती. एप्रिलमध्ये ४२५ भरली. कवचाची कड आता दबत नाही.

तुमच्या मुलांच्या शाळेत असा टँक असेल तर पालकसभेला जाल तेव्हा त्याच्यावरचं झाकण उचलून वास घ्या. वही असेल तर रविवारच्या खुणा बघा. आणि वर्गात अजून काही पाळलेलं नसेल, तर कृपा करून वाढदिवसाची भेट म्हणून कासव देऊ नका. टिल्लू सहा-सात वर्षांची आहे. नीट ठेवली तर ही कासवं तीस वर्षं जगतात. माझी नोकरी पाच वर्षं उरली आहे.