हप्ता एकाचा, तोटा साऱ्यांचा

२००६ या एका वर्षात मूडीज या पतमानांकन संस्थेने कामाच्या प्रत्येक दिवशी सरासरी तीस गृहकर्ज-रोख्यांना ‘ट्रिपल ए’ हा सर्वोच्च दर्जा बहाल केला. २०१० च्या सुरुवातीला अख्ख्या अमेरिकेत हा दर्जा असलेल्या खासगी कंपन्या उरल्या होत्या सहा. आणि २००६ मध्ये ट्रिपल ए मिळवलेल्या त्या रोख्यांपैकी ८३ टक्क्यांचा दर्जा पुढे खाली आणावा लागला. २००८ च्या आर्थिक संकटाचा विषय निघाला की लीमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेच्या दिवाळखोरीची आठवण निघते. मला मात्र त्या दिवाळखोरीपेक्षा हे रोजचे तीस शिक्के जास्त बोलके वाटतात.

मूळ कल्पनेत खोट नव्हती. १९७० साली जिनी मे या अमेरिकन सरकारी संस्थेच्या हमीवर गृहकर्जांचे पहिले रोखे बाजारात आले. तीस वर्षांचं कर्ज दिलं की बँकेचा पैसा अडकतो. तेच कर्ज गुंतवणूकदारांना विकता आलं, तर मोकळ्या झालेल्या पैशांतून आणखी कोणाला घर घेता येतं. पुढे सॉलोमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेच्या लुईस रानिएरी यांनी या रोख्यांचा मोठा खासगी बाजार उभा केला.

जून २००३ मध्ये फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर १ टक्क्यावर आणला आणि जगभरचा पैसा जरा बऱ्या परताव्याच्या शोधात निघाला. त्याला रोखे हवे होते, रोख्यांना कर्जं हवी होती आणि चांगले कर्जदार तर आधीच घेऊन बसले होते. मग ज्यांची पत कच्ची, त्यांच्याकडे मोर्चा वळला. हेच सबप्राइम. पहिली दोन वर्षं हप्ता हलका, तिसऱ्या वर्षापासून व्याज एकदम वर, असं कर्ज सर्रास दिलं जाऊ लागलं. उत्पन्नाचा पुरावा न मागता दिलेल्या कर्जांना त्या धंद्यातलेच लोक ‘लायर लोन’, खोटारड्यांचं कर्ज, म्हणत. दलालाला कमिशन कर्ज झाल्याबरोबर मिळे, कर्ज देणारी कंपनी ते थोड्याच दिवसांत वॉल स्ट्रीटला विकून मोकळी होई. हप्ता पुढे येतो की नाही, याच्याशी दोघांनाही देणंघेणं उरत नसे.

खरी कारागिरी पुढची. हजारो कर्जांचे हप्ते एकत्र करायचे आणि त्यांचे थर पाडायचे. पंगतीसारखाच प्रकार: पहिल्या पंगतीला पोटभर, मग दुसरीला, शेवटच्या पंगतीला भांड्यात उरलं तर. पहिल्या पंगतीतल्या गुंतवणूकदाराला व्याज कमी, पण जोखीमही कमी; शेवटच्याला दोन्ही जास्त. साधारण ऐंशी टक्के रोखे पहिल्या पंगतीत बसत आणि ट्रिपल ए होत. मधल्या थरांना गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ठिकठिकाणचे मधले थर गोळा करून त्यांचे पुन्हा थर पाडले गेले. त्याचं नाव सीडीओ. गंमत अशी की, या दुय्यम मालाचाही बहुतांश भाग पुन्हा ट्रिपल ए ठरला! आधार एकच: कॅलिफोर्निया, नेवाडा आणि फ्लोरिडातली कर्जं एकाच वेळी थकणार नाहीत, हे गृहीतक. पण मधले सगळे थर त्याच दोन-तीन वर्षांतल्या, त्याच पद्धतीने वाटलेल्या कर्जांचे होते. शिवाय दर्जा देणाऱ्या संस्थेची फी रोखे विकणारा भरत असे. परीक्षकाचा पगार परीक्षार्थ्याने द्यायचा आणि निकाल चोख लागेल म्हणायचं, यावर साऱ्या जगाने विश्वास ठेवला.

पुढे कर्जं अपुरी पडू लागली, तेव्हा नुसत्या पैजांवर सीडीओ निघाले. गोल्डमन सॅक्सच्या ‘अबॅकस’ या अशाच सीडीओमध्ये कोणते रोखे असावेत हे ठरवण्यात जॉन पॉल्सन यांच्या फंडाचा हात होता आणि तोच फंड ते रोखे बुडतील अशी पैज लावून बसला होता. हे विकत घेणाऱ्यांना सांगितलंच नव्हतं. ड्युसेलडॉर्फच्या आयकेबी बँकेचे त्यात सुमारे १५ कोटी डॉलर गेले. गोल्डमनने २०१० मध्ये ५५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

जून २००४ ते जून २००६ या काळात व्याजदर सतरा टप्प्यांत सव्वापाच टक्क्यांवर गेला, घरांच्या किमती थबकल्या आणि घर पुन्हा गहाण टाकून जुनं कर्ज फेडण्याची वाट बंद झाली. एप्रिल २००७ मध्ये न्यू सेंच्युरी ही बडी सबप्राइम कंपनी बुडाली. तरी माझ्या लेखी संकटाची तारीख ९ ऑगस्ट २००७. त्या दिवशी फ्रान्सच्या बीएनपी पारिबाने आपल्या तीन फंडांतून पैसे काढणं थांबवलं, कारण आतल्या रोख्यांची किंमतच ठरवता येत नव्हती. एवढी वर्षं गुंतागुंतीलाच हुशारी समजून तिची विक्री झाली. आता तिच्यामुळे कोणाच्या ताळेबंदात किती बुडीत माल दडलाय, हे कोणालाच कळेना. बँका एकमेकींना उसने पैसे द्यायला कचरू लागल्या.

आणि साऱ्यांची गुजराण उसन्यावरच होती. बेअर स्टर्न्स या गुंतवणूक बँकेकडे २००७ अखेर स्वतःचं भांडवल ११.८ अब्ज डॉलर, देणी ३८३.६ अब्ज, त्यातले ७० अब्जांपर्यंत रोज रात्री नव्याने उचलायचे. मार्च २००८ मध्ये एका आठवड्यात ती संपली. १५ सप्टेंबरला लीमन गेली. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला फेडरल रिझर्व्हने ८५ अब्ज डॉलरचं कर्ज देऊन तारलं. सीडीओ बुडाले तर भरपाई देऊ, अशी हमी तिने विकली होती आणि त्यासाठी पुरेसा पैसा बाजूला ठेवलाच नव्हता.

धग मुंबईलाही लागली. जानेवारीत एकवीस हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये आठ हजारांखाली जाऊन आला. पवईतली लीमनची कार्यालयं जपानच्या नोमुराने घेतली. आपल्या बँका मात्र फारशा पोळल्या नाहीत आणि याचं श्रेय नशिबाला देणं अन्यायाचं होईल. वाय. व्ही. रेड्डी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना २००४ ते २००६ दरम्यान घरबांधणीच्या कर्जांसाठी बँकांना जादा भांडवल राखायला लावलं गेलं. कर्ज विकून झालेला नफा लगेच न दाखवता रोख्याच्या मुदतीत विभागून दाखवा, असाही नियम आला. अर्थतज्ज्ञ रघुराम राजन यांनी तर ऑगस्ट २००५ मध्येच अमेरिकेत जॅक्सन होलच्या परिषदेत वित्तीय बाजारात साचत चाललेल्या जोखमीचा इशारा दिला होता. तिथे त्यांना जुनाट विचारांचं ठरवण्यात आलं.

अमेरिकेतली बेरोजगारी ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर पोचली, लाखो कुटुंबांची घरं जप्त झाली. पतमानांकनाची फी आजही रोखे काढणाराच भरतो. आणि एवढ्या सगळ्या प्रकरणात तुरुंगात गेलेला वॉल स्ट्रीटवरचा वरिष्ठ बँकर एकच: गृहकर्ज-रोख्यांतला तोटा लपवल्याबद्दल क्रेडिट स्वीसचे करीम सेरागेल्दिन यांना २०१३ मध्ये तीस महिन्यांची शिक्षा झाली.