माय ऑटोबायोग्राफी (चार्ली चॅप्लिन)

'माय ऑटोबायोग्राफी' हे विनोदी अभिनेते व चित्रपट-दिग्दर्शक चार्ली चॅप्लिन (१६ एप्रिल १८८९ – २५ डिसेंबर १९७७) यांचे आत्मचरित्र आहे. ते १९६४ मध्ये लंडनच्या बॉडली हेड या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. त्या वेळी चॅप्लिन ७५ वर्षांचे होते. लंडनमधील दारिद्र्यात गेलेले बालपण, आईचा मानसिक आजार, वडिलांचा अकाली मृत्यू आणि उतारवयात भोगावा लागलेला देशत्याग हे या ग्रंथातील प्रमुख विषय आहेत. जगाला हसवणाऱ्या कलावंताचा विनोद कोणत्या अनुभवांतून घडला, हे समजून घेण्यासाठी या ग्रंथाचा, विशेषतः त्याच्या आरंभीच्या प्रकरणांचा, आधार घेतला जातो.

पार्श्वभूमी

चॅप्लिन यांनी १९२१ मधील युरोप-प्रवासावर एक प्रवासवर्णन लिहिले होते; मात्र संपूर्ण जीवनाचे कथन त्यांनी उतारवयातच हाती घेतले. १९५२ मध्ये 'लाइमलाइट' या चित्रपटाच्या पहिल्या खेळासाठी ते लंडनला निघाले असता अमेरिकन सरकारने त्यांचा पुनःप्रवेशाचा परवाना रद्द केला. त्यानंतर ते पत्नी ऊना व मुलांसह स्वित्झर्लंडमधील कॉर्सिए-सुर-व्हवे या गावी स्थायिक झाले आणि तेथेच हा ग्रंथ लिहून पूर्ण झाला. लेखनासाठी त्यांना ग्रॅहम ग्रीन या कादंबरीकार मित्राचे प्रोत्साहन लाभले.

आशय

बालपण व आई

चॅप्लिन यांचे आईवडील दोघेही लंडनच्या संगीत-रंगभूमीवरील गायक होते. आई हॅना 'लिली हार्ली' या नावाने गात असे. वडील वेगळे राहत असल्याने चार्ली व त्याचा चार वर्षांनी मोठा सावत्र भाऊ सिडनी यांचा भार तिच्यावर पडला. ऑल्डरशॉट येथील एका कार्यक्रमात गाताना तिचा आवाज चिरकला आणि सैनिकांनी भरलेल्या प्रेक्षागृहात हुर्यो सुरू झाली. तेव्हा व्यवस्थापकाने पाच वर्षांच्या चार्लीला रंगमंचावर आणले. त्याने गायलेल्या गाण्यावर नाण्यांचा वर्षाव झाला. गाणे थांबवून आधी नाणी वेचण्याचा त्याचा मानस ऐकून प्रेक्षक हसू लागले. पुढे निरागसपणे त्याने आईच्या चिरकलेल्या आवाजाचीही नक्कल केली आणि हशा आणखी वाढला. आपले रंगमंचावरील पहिले पाऊल व आईचे शेवटचे दर्शन त्याच रात्री घडले, असे चॅप्लिन नमूद करतात.

शिवणकामावर घर चालेना, तेव्हा १८९६ मध्ये तिघांनाही लॅम्बेथ येथील वर्कहाउसमध्ये दाखल व्हावे लागले. वर्कहाउस म्हणजे निर्धनांना कष्टाच्या मोबदल्यात अन्न व निवारा देणारी सरकारी संस्था. तेथे आई व मुलांना वेगवेगळे ठेवले जाई. पुढे दोन्ही भावांची रवानगी हॅनवेल येथील निराधार मुलांच्या शाळेत झाली. मुलांसोबत एक दिवस घालवता यावा म्हणून आईने वर्कहाउस सोडण्याची परवानगी मागितल्याचा प्रसंग ग्रंथात आहे. तिघांनी केनिंग्टन उद्यानात चेरी खाल्ल्या, वर्तमानपत्राचा कागद चुरगळून केलेल्या चेंडूने खेळ खेळले आणि संध्याकाळी तिघेही वर्कहाउसमध्ये परतले.

आजार व मृत्यू

१८९८ मध्ये हॅनाला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. त्या काळात मुले वडिलांच्या घरी राहिली. परंतु वडील मद्याच्या आहारी गेलेले होते आणि ती सोबत अल्पकाळच टिकली. केनिंग्टन मार्गावरील एका मद्यगृहात वडिलांची शेवटची भेट झाली, तेव्हा त्यांनी आपले पहिले व अखेरचे चुंबन घेतले, असे चॅप्लिन लिहितात. वडिलांचा मृत्यू १९०१ मध्ये झाला.

१९०३ मध्ये आईचा आजार पुन्हा बळावला. सिडनी तेव्हा जहाजावर नोकरीला होता. आई शेजारच्या मुलांना भेट म्हणून कोळशाचे तुकडे वाटत असल्याचे कळल्यावर चार्लीने तिला पायी रुग्णालयात नेले. अपुऱ्या अन्नामुळे तिची ही अवस्था झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. आपल्याला पुन्हा अनाथालयात पाठवतील या भीतीने तो सिडनी परत येईपर्यंत एकटाच लपूनछपून राहिला. त्याच वर्षी त्याला नाटकात भूमिका मिळाली. त्याला वाचता जेमतेम येत असल्याने सिडनीने त्याच्याकडून संवाद पाठ करून घेतले.

यशाच्या काळातील दुःखे

१९०८ मध्ये फ्रेड कार्नो यांच्या विनोदी नाट्यमंडळीत प्रवेश, १९१४ मध्ये चित्रपटात पदार्पण आणि त्यानंतरची जागतिक कीर्ती यांचे वर्णन पुढील प्रकरणांत येते. या काळातील दुःखांची नोंद मात्र मोजक्याच शब्दांत आहे. १९१९ मध्ये जन्मलेले पहिले अपत्य तीनच दिवस जगले. तरुणपणीच्या पहिल्या प्रेमाची नायिका हेटी केली हिचे निधन झाल्याचे चॅप्लिन यांना १९२१ मध्ये इंग्लंडला परतल्यावर तिच्या भावाकडून समजले. त्याच वर्षी त्यांनी आईला कॅलिफोर्नियात आणले. तेथे १९२८ मध्ये तिचे निधन झाले.

विनोद व करुणा

विनोदाचे मूळ सांगताना चॅप्लिन बालपणीची एक आठवण देतात. कत्तलखान्याकडे नेले जात असलेले एक मेंढरू निसटले. त्याला पकडताना लोकांची उडालेली धांदल पाहून चार्ली खूप हसला. पण मेंढरू पकडून नेल्यावर त्याचे काय होणार हे उमगताच तो रडत आईकडे धावला. आपल्या चित्रपटांतील हास्य व करुणा यांच्या मिश्रणाचे बीज कदाचित या प्रसंगात असावे, असा तर्क ते मांडतात. बर्फात अडकून उपासमार झालेल्या स्थलांतरितांच्या सत्यकथेवरून 'द गोल्ड रश' (१९२५) मधील बूट शिजवून खाण्याचा प्रसंग सुचल्याचेही ते सांगतात. निसर्गापुढे माणूस हतबल होतो तेव्हा हसणे हा प्रतिकाराचाच एक प्रकार असतो, अशी त्यांची भूमिका आहे. 'द किड' (१९२१) मधील अनाथ मुलाला अधिकारी ओढून नेतात तो प्रसंग आणि लेखकाचे बालपण यांतील साम्य वाचकाच्या सहज लक्षात येते.

भारताशी संबंध

१९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेल्या महात्मा गांधींशी झालेल्या भेटीचे वर्णन ग्रंथात आहे. यंत्रांना गांधींचा विरोध का, असा प्रश्न चॅप्लिन यांनी विचारला. त्यावर, इंग्रजांच्या राज्यातून मुक्त होण्यासाठी आधी त्यांच्या यंत्रनिर्मित मालावरील अवलंबन संपवणे आवश्यक आहे, असे गांधींनी स्पष्ट केले. मराठीत भा. द. खेर यांची चॅप्लिन यांच्या जीवनावरील 'हसरे दुःख' ही चरित्रात्मक कादंबरी प्रसिद्ध आहे.

मूल्यमापन

बालपणावरील प्रकरणे हा ग्रंथाचा सर्वांत सरस भाग मानला जातो. उत्तरार्धात नामवंतांच्या भेटींचा तपशील अधिक असून चित्रपटनिर्मितीच्या प्रक्रियेविषयी व सहकलाकारांविषयी फारच थोडे लिहिले आहे, अशी टीका झाली. दुसरी पत्नी लिटा ग्रे हिचे नावही ग्रंथात येत नाही. तिच्यापासून झालेल्या दोन मुलांचा विचार करून तपशील टाळल्याचे चॅप्लिन सांगतात.

वृद्धापकाळी आठवणींतून लिहिलेल्या या कथनात काही घटनांचा काळ व क्रम जुळत नाही. तथापि डेव्हिड रॉबिन्सन यांनी १९८५ मधील चरित्रात तत्कालीन सरकारी नोंदींचा आधार घेतला, तेव्हा वर्कहाउस, निराधारांची शाळा व आईचे रुग्णालयातील वास्तव्य यांना दुजोरा मिळाला. हा ग्रंथ व रॉबिन्सन यांचे चरित्र यांवर आधारित 'चॅप्लिन' हा रिचर्ड ॲटनबरो दिग्दर्शित चित्रपट १९९२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांनी चॅप्लिन यांची भूमिका केली.