करुणेला प्रज्ञेची जोड हवी : मदत करताना इजा होऊ नये म्हणून

८ ऑगस्ट २०१९. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे महापुरात अडकलेल्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. बोट माणसे वाचवायलाच निघाली होती. हेतूत खोट नव्हती. मग हेतू चांगला असला की पुरते का?

तथागतांनी या प्रश्नाचे उत्तर राहुलला दिले आहे. मज्झिम निकायातील अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्तात ते आरशाचा दाखला देतात. आरशात चेहरा पाहावा तशी प्रत्येक कृती तीनदा तपासायची : करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर. तिच्यामुळे मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही त्रास होतो का, हे पाहायचे. बाबासाहेबांनीही करुणेसोबत प्रज्ञा आणि शील सांगितले, ते उगाच नव्हे. पूरग्रस्तांसाठी धावणाऱ्या आपल्या तरुणांनी ही तपासणी अंगी बाणवली पाहिजे.

करण्याआधी

विहिरीत पोहता येणे वेगळे आणि कृष्णेच्या पुरात उतरणे वेगळे. बुडणाऱ्यामागे उडी मारली तर एकाचे दोन बळी होऊ शकतात. काठावरूनच दोर, लांब बांबू, हवा भरलेली ट्यूब किंवा बंद रिकामा कॅन द्या. जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर, रुग्णवाहिकेला १०८ वर कळवा. बोटीत माणसे मोजूनच बसवा. उरलेल्यांसाठी दुसरी फेरी करता येते.

काय हवे तेही आधी विचारा. पूर ओसरलेल्या गावाला जुन्या कपड्यांच्या ढिगापेक्षा पिण्याचे पाणी, सॅनिटरी पॅड, जनावरांचा चारा आणि घरातला चिखल काढणारे हात जास्त लागतात. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव येथे जुलै २०२१ मध्ये दरडी कोसळल्या. जिथे घरेच गाडली जातात, तिथला खरा प्रश्न सुरक्षित जागी पुनर्वसनाचा असतो. तिथे धान्याच्या किटइतकेच पंचनामा, अर्ज आणि पाठपुरावा यांत साथ देणेही मोलाचे.

करताना

पुरानंतर साप घरात शिरतात. सर्पदंश झाला तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. माणसाला शांत ठेवा, दंश झालेला अवयव हलू देऊ नका आणि लगेच दवाखान्यात न्या.

इजा शरीरालाच होते असे नाही. १९०१ च्या सुमारास लहानगे भीमराव घरातल्या मुलांसोबत साताऱ्याहून कोरेगावला वडिलांकडे निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच स्टेशनमास्तर दूर झाले. अखेर दुप्पट भाड्याने बैलगाडी मिळाली, पण मुलांनी ती स्वतः हाकायची आणि गाडीवान शेजारून चालणार, या अटीवर. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हे लिहिले आहे. प्रवासाची सोय झाली, पण अपमानासकट झाली. ती सल त्यांना आयुष्यभर विसरता आली नाही.

आज आपण किट देताना समोरच्याचा फोटो काढतो, आडनाव विचारतो किंवा जयजयकार करायला लावतो, तेव्हा मसूरच्याच वाटेवर असतो. संमतीशिवाय फोटो नको. आपल्या वस्तीपुरती यादी नको आणि कुणाची वस्ती यादीतून सुटायलाही नको. अन्याय सोसलेल्यांनी वाटप करताना तोच अन्याय इतरांवर करायचा नसतो.

केल्यानंतर

जमा-खर्चाचा हिशेब विहारात लावा. पंधरा दिवसांनी पुन्हा जा. कोण राहून गेले, दिलेले काय पडून राहिले, ते पाहा. घेणारा स्वतःच्या पायावर उभा राहतोय की आपली वाट पाहत बसतोय, हेही विचारा. काम केलेल्या तरुणांची विचारपूस करा. मृतदेह काढणाऱ्याच्या मनावरही आघात होतो.

ही तयारी पुराच्या दिवशी होत नाही. पावसाळ्याआधी विहारात एक बैठक घ्या. पट्टीचे पोहणारे कोण, दोर कुठे आहे, नदीकाठी एकटे राहणारे वृद्ध, गरोदर बाया आणि दिव्यांग कुठल्या घरात आहेत, याची वही करा. धावून जाण्याची ओढ आपल्यात आहेच. त्या ओढीला ही वही दिशा देईल.

नमो बुद्धाय! जय भीम!