पावलांचा हिशेब कोणासाठी?



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने व्यायाम मोजणाऱ्या अ‍ॅपविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या यंत्राने माणसाच्या श्रमाची मोजणी होते, ते यंत्र नेमके काय मोजते, कोणासाठी मोजते आणि ते आकडे कोणाच्या हाती जातात, हे विचारणे आमचे जुनेच काम आहे. पूर्वी असे घड्याळ कारखान्याच्या दारावर असे. आज ते मनगटावर आले आहे. ते अधिक सोयीचे कसे करता येईल, एवढाच आजचा विषय.

प्रथम हे यंत्र चालते कसे ते पाहू. मोबाईलमध्ये किंवा मनगटी पट्ट्यात त्वरणमापक नावाचा एक बारीक भाग असतो. तो तीन दिशांनी होणारी हालचाल टिपतो. चालताना शरीराला ठराविक लयीने हिसके बसतात. त्या हिसक्यांची मोजदाद म्हणजे अ‍ॅपवरची पावले. म्हणजे यंत्राला पाय दिसत नाहीत, हिसका कळतो. म्हणूनच हातगाडी ढकलणाऱ्याचे मनगट दांड्यावर स्थिर राहिले की पट्टा पावले कमी मोजतो. मोबाईल लॉकरमध्ये ठेवून यंत्रावर जाणाऱ्या कामगाराचा दिवस तर मोजलाच जात नाही, आणि अ‍ॅप मात्र त्याला ‘आज तुम्ही फारच कमी चाललात’ असे सांगून मोकळे होते. हजेरीपटावर गैरहजेरी मांडणे वेगळे आणि रकाना कोरा राहणे वेगळे, हे कोणताही हजेरीकारकून जाणतो. अ‍ॅपनेही तो भेद पाळावा. जे मोजता आले नाही तेथे ‘मोजले नाही’ असे लिहावे, आणि माणसाला आपल्या हाताने ती नोंद भरू द्यावी. ही पहिली सुधारणा.

दुसरा प्रश्न उद्दिष्टाचा. रोज दहा हजार पावले चालावे, असे आपण सर्वत्र ऐकतो. हा आकडा वैद्यकशास्त्राने काढलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची लाट आली. १९६५ साली तेथील यामासा कंपनीने पावले मोजणारे एक उपकरण विकावयास काढले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव तोंडात बसले आणि आकडा जगभर गेला. पुढे २०१९ साली आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सुमारे १७ हजार वृद्ध स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि ७,५०० च्या आसपास पोचल्यावर हा फरक वाढायचा थांबला. अशा अभ्यासावरून कारण पक्के सिद्ध होत नाही, हे खरे. तरी एवढे दिसते की थोडे चालणाऱ्याने आणखी थोडे चालण्यात लाभ मोठा आहे. मग गुडघे दुखणाऱ्या आजीला पहिल्याच दिवशी दहा हजारांचा डोंगर का दाखवावा? अ‍ॅपने आधी दोन आठवडे नुसते पाहावे, आणि तिच्याच चालीवरून पुढचे पाऊल सुचवावे.

तिसरी गोष्ट आम्हा कामगारांच्या अधिक जवळची. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला. बेस्टची दुमजली गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र समजावून सांगावयास नको. हालचाल हितकारक आहे, हा धडा त्यातून जगाने घेतला. परंतु सर्वच श्रम सारखे नसतात. डेन्मार्कमधील होल्टरमान यांच्यासारख्या संशोधकांनी दाखविले आहे की तासन्‌तास ओझी उचलणे, तेही मनाप्रमाणे विसावा न मिळता, याचा परिणाम फावल्या वेळातील व्यायामासारखा होत नाही. दिवसभर गोण्या वाहिलेल्या माणसाला संध्याकाळी ‘उठा, अजून चाला’ असे सांगणारे अ‍ॅप त्याच्या उपयोगाचे नाही. ‘आज काम कसले होते?’ एवढा एक प्रश्न अ‍ॅपने विचारावा, आणि विश्रांतीचा दिवस हा चुकलेला दिवस मानू नये. आजारपणात ओळीने चाललेल्या दिवसांची साखळी तुटली म्हणून माणसाला खजील करण्याचे कारण नाही.

रात्रपाळीचेही असेच. बहुतेक अ‍ॅपचा दिवस मध्यरात्री संपतो. रात्री दहाला कामावर गेलेल्याची एकच पाळी दोन तारखांत चिरली जाते आणि दोन्ही दिवस उणे दिसतात. दिवस कोठे सुरू व्हावा हे वापरणाऱ्याला ठरवू द्यावे. हे करणे फार अवघड नाही. अ‍ॅप बनविणाऱ्याला रात्रपाळीचा माणूस आठवला पाहिजे, इतकेच.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, आकड्यांच्या मालकीचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या अ‍ॅपने आपल्या वापरकर्त्यांच्या धावण्याचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. त्यावरून लष्करी तळांच्या जागा आणि वाटा ओळखता येतात, हे जानेवारी २०१८ मध्ये उघडकीस आले. सैनिकांची जर ही स्थिती, तर पहाटे एकट्या धावणाऱ्या मुलीच्या वाटेचे काय? म्हणून नोंद आपोआप खासगी राहिली पाहिजे. उघड करायची तर माणसाने स्वतः करावी. आपल्या संसदेने २०२३ साली केलेल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात संमती मोकळेपणाने दिलेली असावी, ती देण्याइतकेच मागे घेणेही सोपे असावे आणि संमतीचा मजकूर आपल्या भाषेत वाचण्याची सोय असावी, असे म्हटले आहे. मराठी माणसाने ती सोय मागून घ्यावी.

मोकळी संमती म्हणजे काय, हे अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षकांनी दाखविले. तेथील सरकारी विमा योजनेने ‘गो ३६५’ नावाचे आरोग्य-अ‍ॅप वापरण्याची अट घातली. जे गुण मिळविणार नाहीत त्यांनी महिना २५ डॉलर जादा भरावे, असा बेत होता. अपुरा पगार आणि महागणारा विमा यांत ही भर पडली. असंतोष वाढताच अ‍ॅपची सक्ती मागे घेण्यात आली. पण पगाराचा आणि विम्याचा प्रश्न राहिला, आणि २२ फेब्रुवारी २०१८ पासून राज्याच्या सर्व ५५ काउंटींतील शाळा बंद पडल्या. ७ मार्चला संप संपला तो ५ टक्के पगारवाढ घेऊनच. त्या शिक्षकांचा चालण्याला विरोध नव्हता. चालण्याचा हिशेब दुसऱ्याने मागावा आणि त्यावर दंड बसवावा, याला विरोध होता.

तात्पर्य, चांगल्या अ‍ॅपची परीक्षा रंग आणि चित्रे यांनी होत नाही. ते न मोजलेले कबूल करते का, आपल्या कुवतीप्रमाणे उद्दिष्ट ठरविते का, आपली पाळी आणि आपला थकवा ओळखते का, आणि आपले आकडे आपल्याच ताब्यात ठेवते का, हे चार प्रश्न विचारा. उत्तरे समाधानकारक नसतील तर बनविणाऱ्यांना तसे कळवा. एकट्याने कळविण्यापेक्षा दहा जणांनी मिळून कळविले तर अधिक ऐकले जाते, हा आमचा अनुभव आहे. आणि तोवर, आज येथून घरी जाताना जमेल तितके पायी जा. ते कोणी मोजले नाही तरी चालेल.